ताम्हनातला चॅल्कॅन्थाइट

माझा नवरा खडोलीच्या तारेच्या कारखान्यात दिवसभर तांबं तपासतो आणि उरलेल्या वेळात दगड जमवतो. सिल्वासातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्यांना धड बसायला जागा नाही, पण दगडांना काचेचं कपाट आहे. त्यातला मानकरी म्हणजे मूठभर निळाशार चॅल्कॅन्थाइट. तांब्याचं सल्फेट, पण खडकात आपोआप झालेलं. बाजारात याच रसायनाला मोरचूद म्हणतात. तो शब्द आमच्या घरी चालत नाही. हा दगड पाण्यात विरघळतो, म्हणून पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा वाळवंटात, नाहीतर जुन्या खाणींच्या भिंतींवरच सापडतो, हे त्याने चहाला आलेल्या प्रत्येकाला ऐकवलंय. दूधवालाही सुटला नाही. स्वतःच्या आईला मात्र त्याने कधी सांगितलं नाही. तिला काय कळणार, म्हणे.

सासूबाई धुळ्याकडच्या. घरचे देव रीतीप्रमाणे थोरल्या दिरांकडे राहिले आणि त्या नुसतं ताम्हन घेऊन आमच्याकडे आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या महादेवाला नमस्कार करायच्या, पण कॅलेंडरला अंघोळ घालता येत नाही. त्यांचं ते ओकंबोकं ताम्हन पाहून मला वाईट वाटायचं.

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही दोघं संध्याकाळी घरी आलो, तर कपाट उघडं. नवऱ्याचा दगड ताम्हनात, डोक्यावर बेलपान, आणि सासूबाई लोट्याने संथ धार धरून बसलेल्या. निळा म्हणजे नीळकंठच, यात त्यांना शंका नव्हती. दगड निम्मा झाला होता. ताम्हनातलं पाणी सुंदर निळं दिसत होतं.

त्यांनी तीर्थ तळहातावर घेतलं, ओठांशी नेलं, तेवढ्यात नवऱ्याने धावत जाऊन तो हात झटकला. विषारी आहे ते, असं तो ओरडला आणि मग तिथेच खाली बसला. दगडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मला तो फार आवडला.

हात धुऊन झाल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं, वाळवंटासकट. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मना हातमा देव इरघळी गया," त्या म्हणाल्या. मग कपाटाकडे बोट दाखवलं. "आते पाणीमा टिकी असा दे."

त्याने स्वतःची सगळ्यात लाडकी गारगोटी काढून दिली. सासूबाईंनी ती आधी बादलीत भिजत घातली, दुसऱ्या दिवशी काढून नीट पाहिली, आणि मगच तिच्यापुढे हात जोडले.