बाहेरचा चहा

जळगावच्या त्या बाईंकडे मी दोनदाच तबला वाजवला. नवऱ्यामागे कापसाचा जिनिंग कारखाना त्या स्वतः चालवत, आणि महिन्यातून एकदा रविवारी दुपारी दिवाणखान्यात गाणं ठेवत. वकील, डॉक्टर, मामलेदार सहकुटुंब येत. एकदा गोरा कलेक्टरही येऊन गेला म्हणे. गाणं सुरू झालं की बाई हातातला पंखा खाली ठेवत आणि डोळे मिटून घेत. दाद म्हणून नुसती मान हलवत.

पहिल्या खेपेला धुळ्याची एक गाणारी आली होती. तिचं सगळं आयुष्य तंबूतल्या नाटकांत गेलेलं. ती फार सुरेख गायली. मग चहा आला. पाहुण्यांना आत कपबशा दिल्या आणि आम्हा दोघांसाठी नोकराने ओसरीवर पितळी पेले मांडले. तिला सवय होती. ती निमूट उठून बाहेर आली.

बाईंनी ते पाहिलं. आपली कपबशी घेऊन त्या बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या.

वकिलीणबाई दारातून म्हणाल्या, "अक्का, आत या ना. लोक काय म्हणतील?"

बाई घरच्या बोलीत म्हणाल्या, "गानं घरमा चालस, मंग गानारी बाहेर काब्र?"

पुढच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाईंचा चेहरा उतरलेला स्पष्ट दिसत होता. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी शेजारच्याच आपल्या कारखान्यातल्या मजूर बायकांना बोलावलं आणि त्या खुर्च्यांवर बसवलं. दाद कुठं द्यायची, हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. आवडलं की देत होत्या.