तळायलाय का गुणगुणायलाय?

"आवाज तळायलाय का गुणगुणायलाय?"

मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. कुणी अँप्लिफायर घेऊन दुकानात शिरलं की ते दोन्ही तळवे पुढं करून त्याला थांबवायचे, "हलवू नका, आधी सांगा," म्हणायचे आणि मग हे विचारायचे. तळायलाय म्हणजे कढईत भजी सोडल्यासारखी कडकड. तसं असेल तर जॅक ढिला, नाहीतर वायर आतून तुटलेली. गुणगुणायलाय म्हणजे मोहळाजवळ उभं राहिल्यासारखा एकसुरी घूं. तो विजेकडून येतो. गिऱ्हाईक यातलं काहीच नाही म्हणालं, तर मिस्त्री जरा थांबून तिसरं विचारत, "मग शिट्टी मारायलाय का?"

पाथरीला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एक टेबल, एक सोल्डरिंगची कांडी आणि छतापर्यंत रचलेले उघडे स्पीकर. लग्नाचा मंडप असो, पोखर्णीचं कीर्तन असो की आमच्या विहारातला कार्यक्रम, आवाज अडला की फोन मिस्त्रींना जायचा. तुमच्या तालुक्यातही असा एक जण असेलच. त्याचं नाव कुणी विचारत नाही, नंबर मात्र सगळ्यांकडे असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या घरची बुद्ध-भीमगीतांची गायन पार्टी आहे. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, गातात. दीर गिटार वाजवतात. मी सामान मोजते. किती माईक, किती वायरी, किती स्टँड, जाताना एकदा आणि येताना एकदा. हे काम कुणाला दिसत नाही, पण आजवर आमचा एकही स्टँड कुठं राहिलेला नाही.

मिस्त्रींची ओळख झाली ती दिरांच्या प्रोसेसरमुळे. गिटारचा आवाज पाहिजे तसा बदलणारी ती चपटी डिजिटल पेटी. पायानं बटण दाबायचं की आवाज बदलतो. घरी हेडफोनवर छान वाजली. दुसऱ्या दिवशी विहारात मिक्सरला जोडली, तर नुसतं घूं. दिरांनी वायर बदलली, सॉकेट बदललं, पेटीचं सेटिंग बदललं, मिक्सरचं भोकही बदललं. घूं तर गेलं नाहीच, वर गिटार फाटल्यासारखी वाजायला लागली. कार्यक्रम संध्याकाळी होता. दुपारी मी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

आल्या आल्या तळवे पुढं. "हलवू नका."

"मिस्त्री, मी सगळं बदलून बघितलं," दीर म्हणाले.

"सगळं बदललं म्हणूनच काही कळंना. एका टायमाला एकच बदलावं. स्वयंपाकीण, चूल अन् पीठ एकाच दिवशी बदललं, तर भाकर कुणी बिघडवली ते कसं कळायचं?"

मग ते गिटारपासून निघाले. एकेक वायर बोटांनी चाचपत प्रोसेसरपर्यंत, तिथून मिक्सरपर्यंत. प्रोसेसरची वायर दिरांनी माईकच्या भोकात घातली होती. माईकचा आवाज मुळात बारीक, म्हणून ते भोक त्याला मोठं करतं. प्रोसेसर आधीच मोठा आवाज देतो. मिस्त्रींनी वायर शेजारच्या, आवाज न वाढवणाऱ्या 'लाइन'च्या भोकात घातली आणि गिटारचं फाटणं थांबलं. घूं राहिलं.

"बाई, तुमी स्पीकरपाशी थांबा. मी एकेक काढतो. थांबलं की सांगा."

प्रोसेसर लॅपटॉपला जोडलेला होता आणि लॅपटॉप चार्जिंगला लावलेला. मिस्त्रींनी चार्जर उपसला.

"थांबलं," मी म्हणाले.

"गाणं होईस्तोर ब्याटरीवर चालवा."

"एवढंच?" दीर म्हणाले. त्यांची अख्खी सकाळ गेली होती.

"एवढंच असतंय. सापडेस्तोर लय मोठं असतंय."

त्यांच्या वायरींवर रंगीत टेप नसायची, लोकर असायची. त्यांचे भाऊ सोनपेठकडे नदीकाठानं मेंढ्या राखत. तिथून लोकर यायची. आत जाणाऱ्या टोकाला काळी, बाहेर येणाऱ्या टोकाला पांढरी, आणि जितवा माईक तितक्या गाठी. मी छापील स्टिकर करून देते म्हणाले, तर हसले. "स्टिकर उन्हात सुटतंय बाई. लोकर मेंढीवर टिकती, तर वायरीवर का टिकंना?"

पुढं मी त्यांच्या दुकानात बसून त्यांचं फोनवरचं कामही पाहिलं. एकदा त्यांच्या लोकर बांधलेल्या वायरी नेलेल्या सोनपेठच्या मंडपवाल्याचा फोन आला.

"मिस्त्री, फोन बॉक्सपाशी धरतो, ऐका."

"धरू नको. तोंडानं काढून दाखव."

"चार लोकांत कसं काढू?"

"काढ की. लगीन तुझं हाय का?"

त्या बिचाऱ्यानं भर मंडपात खर्र-खट्-खर्र केलं. मागं बायका हसल्याचं फोनवर ऐकू आलं.

"तळायलाय," मिस्त्री म्हणाले. "दोन गाठीची वायर स्टँडखाली दबली असंल, बघ."

तीच दबली होती. मला वाटलं, काय कसब आहे! कसब होतंच. पण फोन स्पीकरपाशी धरू न देण्याचं कारण निराळं होतं.

ते मला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कळलं. भरदुपारी मुलींचं नृत्य चालू होतं आणि निवेदन करणारी मुलगी माईक घेऊन थेट स्पीकरसमोर गेली. कानात सुई घातल्यासारखी शिट्टी निघाली. मुलांनी कान दाबले, पाहुण्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. मिस्त्री मिक्सरशेजारी पाठमोरे उभे राहून निवांत वायर गुंडाळत होते. मग ते वळले, मुलांचे कानांवरचे हात पाहिले आणि झटक्यात बटण खाली ओढलं.

फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर असं मूल मला लांबूनही ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. आडवळणं मला जमत नाहीत. "मिस्त्री, शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी कांडी खाली ठेवली. "बारीक आवाज गेले बाई. ढोल येतो, मोटार येती, तुमचं बोलणं येतं. पाखरं न्हाईत, शिट्टी न्हाई, लेकरांचं बोलणं अर्धंमुर्धं. तीस वर्षं बॉक्सपुढं उभं राह्यलो."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला हाय. ती म्हणती, तसं बी तुमी कवा ऐकत होता?"

आम्ही दोघंही हसलो. मग ते म्हणाले, "बाई, तुमी समदं लिहून ठिवता. एवढं लिहू नका. ज्याला आवाज येत न्हाई, त्याला आवाजाचं काम कोण दील? हे गेलं तर मला दुसरं काय येतं? भावाच्या मेंढ्या बी राखता यायच्या न्हाईत. कोकरू वरडलेलं कळायचं न्हाई."

मी लिहिलं नाही. सांगितलंही नाही कुणाला.

मात्र त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. विचारायचे प्रश्न मी कागदावर नेले होते. त्यातला एकही मला विचारता आला नाही, कारण श्रवणयंत्र हातात येताच मिस्त्रींनी ते उलटंपालटं करून म्हटलं, "डॉक्टर, माईक अन् स्पीकर इतकं शेजारी ठिवल्यावर शिट्टी मारणार की हे."

"नाही मारत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते कानात बसवलं. यंत्रानं शिट्टी मारली. मी ऐकली, डॉक्टरांनी ऐकली. मिस्त्रींनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"मारली ना?"

नंतर कानाचा साचा घेऊन यंत्र नीट बसवून दिलं. मिस्त्री ते घरी वापरत. कार्यक्रमाला जाताना काढून खिशात ठेवत. लोकांना दिसलं तर, ही धास्ती.

म्हणून मग आम्ही दोघांत एक पद्धत बसवली. आमच्या कार्यक्रमात मिक्सरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसायचं. पेन उभं धरलं म्हणजे शिट्टी, आडवं धरलं म्हणजे कडकड. दुसऱ्या हाताची बोटं म्हणजे माईकचा नंबर. शाळेची सुट्टी जुळली तर त्यांच्या दुसऱ्या कामांनाही मी जाऊन बसे. दीर चिडवायचे, "वहिनी, आता गिटार पण शिकून घ्या."

"तुमची सुरात लागली की शिकते," मी म्हणायची.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग चूक झाली, आणि ती माझी.

पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका गावात सकाळचा कार्यक्रम होता. मला त्याच दिवशी तहसीलला प्रशिक्षणाचा आदेश आला. मी दिरांकडे यादी दिली. माईक, वायरी, स्टँड, पाण्याची कॅन, मावशींच्या गोळ्या. शिट्टी आली तर मिस्त्रींना कुणी खुणावायचं, हे त्या यादीत नव्हतं. लिहिणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून नव्हतं. पण दिरांना बाजूला घेऊन तोंडी सांगता आलं असतं. तेही मी केलं नाही.

झालं ते दिरांनी दुपारी येऊन सांगितलं. दुसऱ्याच गाण्यात मावशींच्या पायाजवळच्या मॉनिटरनं, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या स्पीकरनं, शिट्टी धरली. मिस्त्री माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मिस्त्री, झोपला का?" मावशी कडवं अर्ध्यात सोडून गप्प झाल्या. ताप अंगात असताना पूर्ण कार्यक्रम गायलेली बाई ती. आजवर अर्ध्यात थांबली नव्हती.

मिस्त्री स्टेजवर चढले आणि त्यांनी मावशींच्या हातातून माईक घेतला.

"मला वाटलं, माईक बदलायलेत," दीर म्हणाले.

पण मिस्त्री लोकांकडे वळले. "मंडळी, ही शिट्टी मला ऐकू येत न्हाई. लय वर्षं झाली, येत न्हाई. मावशीची चूक न्हाई, पेटीची न्हाई. शिट्टी आली की हात वर करा, थांबली की खाली घ्या. तेवढं तुमी करा, बाकीचं मी करतो."

मिस्त्री खाली उतरून मिक्सरवर गेले. मावशींनी कडवं पुन्हा उचललं. शिट्टी आली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात वर केले, मग मागच्या पुरुषांनी. मिस्त्री हातांकडे बघत एकेक बटण उतरवत गेले. मॉनिटरचं उतरवलं तसे हात खाली आले. नंतर लोकांना इतकी हौस आली, की काही नसतानाही दोघं-तिघं हात करायला लागले. मिस्त्रींनी माईकवरून दम दिला, "खोटं हात करू नका, नायतर जेवायला उशीर होईल."

सगळं सांगून झाल्यावर दिरांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला सांगितलं असतं तर मी कुणाला सांगितलं असतं का?"

"सगळ्यांना," मी म्हणाले. त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली.

मी मिस्त्रींची माफी मागायला गेले. यंत्र कानात होतं, सगळ्यांना दिसेल असं. ते म्हणाले, "माफी कशाची? खुर्ची रिकामी होती म्हणून सुटलो. न्हाईतर मरेस्तोर तुमच्या पेनाकडं बघत बसलो असतो."

दोन मंडपवाल्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. ज्या गावात हे घडलं, त्या गावानं मात्र पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांनाच बोलावलं. आजूबाजूच्या गावांतूनही फोन येऊ लागले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मिस्त्री हातांचं समजावून सांगायचे आणि कामाला लागायचे. काम कमी झालं, संपलं नाही. शेवटपर्यंत ते आवाजाचंच काम करत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी चहा घेतला, दुकानाची किल्ली खिशात टाकली आणि चप्पल घालायला ओट्यावर बसले. तिथून उठलेच नाहीत. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दिवाळीनंतर आमचा त्याच गावात कार्यक्रम झाला. साउंडवाला परभणीहून आलेला, तरुण, कामाला चोख. समोर लॅपटॉप, कानांवर हेडफोन. यादी लवकर पूर्ण झाल्यामुळे मी लोकांत जाऊन बसले होते. मावशींच्या तिसऱ्या गाण्यात बारीक शिट्टी सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात वर केले. मग त्यांच्या मागच्या रांगेनं, मग कडेला उभ्या असलेल्या पुरुषांनी. साउंडवाला पडद्याकडे बघत होता. त्यानं मान वर केली, तेव्हा निम्मा मंडप हात वर करून त्याच्याकडे बघत होता, आणि त्यात माझाही हात होता.

त्यानं हेडफोन काढले. "काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

मी उठून त्याच्याजवळ गेले. "शिट्टी आहे," म्हणाले. "मॉनिटर कमी करा."

त्यानं केला. एकेक करून हात खाली आले.