एकेचाळीस नंबरची काच

कुरणे सर गेल्याचा फोन आला तेव्हा जयसिंगपूरच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. फोनवर सरांच्या पत्नी, आमच्या काकू. "गेलं गं तुझं सर... चहा घेतला आणि गेलं," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले. बरं! एवढ्या शिकलेल्या बाईला दुसरा शब्द सुचू नये? मग उरलेल्या मुलांची तोंडी परीक्षा घेतली, मार्क भरले आणि कोल्हापूरची एसटी धरली. आज दीड महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. 

मी कबनूरची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. कोल्हापूरच्या विद्यापीठात सरांकडे भौतिकशास्त्रात पीएच.डी.ला गेले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. वडील गावभर सांगायचे, पोरगी रॉकेट बनवते. कसलं रॉकेट! आम्ही बीकरमधल्या द्रावणात काचेच्या पट्ट्या उभ्या करून ठेवायचो. काही तासांनी काचेवर रसायनाचा केसाहून पातळ थर चढायचा. त्यावर ऊन पडलं की वीज मिळते, ती गरिबाला परवडेल अशी कशी करायची, हा सरांचा जन्माचा नाद. मोठ्या मशिनीवाले प्राध्यापक दारातून विचारायचे, "काय कुरणे, लोणचं घातलंय व्हय?" सर मान वर न करता म्हणायचे, "घातलंय की. मुरू दे."

त्यांचा नियम एकच. "तीनदा आलं तर आलं, न्हायतर आलंच न्हाय." तिसऱ्यांदा तोच निकाल मिळाल्याशिवाय एक ओळ छापायला द्यायचे नाहीत. रजिस्टरात प्रत्येक प्रयोगाखाली आधी माझी सही, शेजारी त्यांची. मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए कबनूर, काच दाव," म्हणायचे आणि पट्टी खिडकीशी धरून, तिरकी करून, एक डोळा मिटून बघत बसायचे.

एकेचाळीस नंबरची काच केली त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. डिस्टिल्ड वॉटर संपलेलं, ते करायचं यंत्र बंद, सर मीटिंगला गेलेले. आदल्याच आठवड्यात दिवस फुकट घालवला म्हणून त्यांनी मला झाडलं होतं. मी कोपऱ्यातल्या प्यायच्या माठात बीकर बुडवला आणि रजिस्टरात लिहिलं, डिस्टिल्ड वॉटर. दुसऱ्या दिवशी काच मोजली तर वीज नेहमीच्या दुप्पट! नखानं खरवडलं तरी थर निघेना. सर खिडकीशी कितीतरी वेळ उभे होते. "आयला... कबनूर, हे काय केलंस गं?" म्हणाले आणि अख्ख्या डिपार्टमेंटला चहा पाजला.

तसली काच पुन्हा झाली नाही. कशी होईल? सर चोख पाण्यात करत होते. मला कारण ठाऊक होतं, पण जीभ रेटेना. आधी म्हटलं थेसिस होऊ दे, मग म्हटलं नोकरी लागू दे. दोन्ही झालं, दुसऱ्याच काचांवर. एकेचाळीस सरांनी कधी छापली नाही. रिटायर झाल्यावरही लॅबमध्ये जाऊन तिच्याच मागे लागायचे. गेल्या दिवाळीला मी त्यांच्या घरी गेले तर चकली पुढं सरकवत म्हणाले, "त्या एकेचाळीसला काय येगळं घडलं आसंल गं? तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हणाले, "काच वेगळ्या खोक्यातली असेल सर." लाज वाटते लिहायला, पण असंच म्हणाले... ती आमची शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काकूंनी ते रजिस्टर आणि रुमालात गुंडाळलेली काच माझ्या हातात दिली. एकेचाळीसच्या पानावर समासभर सरांची पेन्सिल. तापमानावर प्रश्नचिन्ह, तपासून खोडलेलं. रसायनाची बाटली, खोडलेली. काचेचं खोकं, खोडलेलं. खाली बारीक अक्षरात, "टेबलाला माझा धक्का लागला होता काय?" तेही खोडलेलं. माणसानं स्वतःवरसुद्धा संशय घेतला. 'डिस्टिल्ड वॉटर' या ओळीवर मात्र टिंबसुद्धा नाही. ते मी लिहिलं होतं ना.

मी विद्यापीठात गेले. माठ आहे अजून, त्याच कोपऱ्यात. कॅन भरून एसटीनं जयसिंगपूरला आणला. पहिली काच तशीच झाली. दुसरीही. परवा तिसरी मोजली, दुप्पट. सवयीनं खिडकीशी धरली, तिरकी केली आणि सांगायला वळले...

मग रजिस्टर उघडलं. 'डिस्टिल्ड वॉटर' खोडून वर 'माठातलं पाणी' लिहिलं. नव्या पानावर तिन्ही काचांचे आकडे लिहून खाली माझी सही केली. शेजारची जागा सोडून ठेवली आहे.