बाबांच्या थुंकीतला घोर

राज्याचे दोन तुकडे झाले, त्या वर्षी मी ग्वाल्हेरच्या एका प्रयोगशाळेत पॉलिमरचे बारीक कण बनवत होते. मनावर ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं. माझे कण थुंकीतून नेमकं तेवढंच पकडत. मग ते सोडवून मोजायचं. थुंकी द्यायला कुणी तयार होईना, म्हणून मी घरच्यांनाच धरलं.

बाबा सरकारी इंजिनियर. नव्या राज्यात, रायपूरला बदली होईल या भीतीने त्यांचं सगळं ऑफिस धास्तावलं होतं. बाबा मात्र खासगी बाजार या आमच्या पेठेत भेटेल त्याला सांगत, "आपल्याला काय टेन्शन? सरकार जहाँ भेजेगी, वहाँ जाऊ." घरात आई रोज रडत होती.

नळीत थुंकताना बाबा म्हणाले, "पूर्वजांनी तलवारी गाजवल्या, आणि आमची लेक थुंकी मोजते!"

आईचा आकडा अगदी साधारण निघाला. बाबांचा इतका चढला, की मी नवे कण घेऊन पुन्हा मोजला. तेवढाच आला.

"तुझं पॉलिमर खोटारडं आहे," बाबा कडाडले.

"या घरात ते एकटंच खरं बोलतंय," आई म्हणाली. "झोपेत तुम्ही रायपूर, रायपूर करता."

पुढे हुकूम आला. बाबा ग्वाल्हेरलाच राहणार होते. ते दारातल्या पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"घ्या रडून पोटभर," ती म्हणाली. "पोळ्या व्हायला वेळ आहे."