शेडची फेज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, माहेरी सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढा भाग वगळूनच बोलते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही — म्हणून तुम्हाला सांगते आहे.

विश्रांतवाडीला आमचं बैठं घर आहे. मागे बाग, आणि बागेच्या टोकाला पत्र्याची शेड. शेड माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी कुठूनतरी जुनं लाकूड कातायचं मशीन आणलं. त्यांना भातुकली करायची होती. ज्या माणसानं जन्मात हातानं पाणी घेतलं नाही, त्याला चिमुकले पोळपाट-लाटणी घडवायची हौस! पण मशीनला लाइट हवी, आणि शेडमध्ये लाइट नव्हती.

तेव्हा बाबांनी जेवताना जाहीर केलं, "बाहेरचा वायरमन कशाला? आपल्याकडे इंजिनीअरबाई आहेत की."

हे 'इंजिनीअरबाई' कुठून आलं ते सांगायला हवं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, चांगल्या मार्कांनी. लग्नानंतर भोसरीच्या एका कारखान्यात माझी निवड झाली होती. त्यांचा फोन घरी आला तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. फोन बाबांनी घेतला. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाले, "अगं, तुझ्या त्या कारखान्याचा फोन होता. मी सांगून टाकलं, आमच्या सूनबाईंना नोकरीची गरज नाही." आणि बशीत चहा ओतला. आमचे हे समोरच बसले होते, त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. मी तरी कुठे बोलले?

त्यानंतर घरात बल्ब गेला की, "इंजिनीअरबाई, बल्ब बदला." पाहुण्यांसमोर, जावयांसमोर, मोलकरणीसमोरसुद्धा. मी हसत बदलायची. वर्षानुवर्षं हसत बदलले बल्ब.

शेडचं काम मात्र मी जीव ओतून केलं, त्याची लाज नाही. माळ्याकडून बागेत चर खणून घेतला. खाली वाळू, तिच्यावर जाड, लोखंडी कवचाची केबल, पुन्हा वाळू आणि वर विटा — उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागावी. शेडपाशी मीठ-कोळसा भरून अर्थिंग केलं. पहिल्यांदा मशीन फिरलं तेव्हा मी हातातला टेस्टर खाली ठेवलाच नाही. किती वर्षांनी हातात माझं काम होतं! बाबा म्हणाले, "जमलं म्हणायचं." बस, एवढंच.

आणि एक गोष्ट मी जास्तीची केली होती. शेडकडे जाणारी लाइन मी बोर्डावरून सरळ नेली नाही. ती कोठीच्या खोलीतून फिरवली आणि तिथे, तांदळाच्या डब्यांमागे, एक स्विच बसवला. मशीनमध्ये बाबांचा हात-बित अडकला तर घरातूनच लाइन तोडता यावी, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्या स्विचबद्दल घरात कुणालाच का नाही सांगितलं? बरोबर. तुम्हीही तेच विचाराल.

पहिल्यांदा तो बंद केला त्या दिवशी नणंदेच्या सासरचे आले होते. बाबा त्यांना शेड दाखवून आले आणि माझ्यादेखत म्हणाले, "डिप्लोमा लग्नातल्या शालूसारखा असतो, कपाटात पडलेला बरा." सगळे हसले. पाहुणे गेले, बाबा शेडमध्ये गेले, मशीनची घरघर सुरू झाली. मी कोठीत गेले आणि स्विच बंद केला. घरघर थांबली. सांगू का — इतकं गार वाटलं!

बाबा आत आले. बोर्डावरचा खटका जागेवर होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. मी पोळ्या लाटत म्हटलं, "एक फेज गेली असेल, बाबा." पुण्यात हे वाक्य म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. त्यातून तो गुरुवार होता. आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवतात ती गुरुवारीच. बाबांनी मान डोलावली.

मग मी गुरुवारवर थांबले नाही. फिरत्या लाटण्याला रंग देण्याच्या वेळी, खलबत्त्याला आकार येत असताना — घरघर ऐकून ऐकून मला नेमकं कळायला लागलं होतं. बाबा आमच्या ह्यांना बोलवायला आत आले की मी स्विच चालू करायची. दोघं शेडमध्ये जायचे तर दिवा लागलेला, मशीन चालू. हे म्हणायचे, "बाबा, आहे की लाइट." असं पुन्हा पुन्हा. बाबा वीज कंपनीत फोन करून भांडायचे. तिथली माणसं त्यांचा आवाज ओळखायला लागली होती.

शेवटी तिथून एक वायरमन आला. त्यानं सगळं तपासलं. मी स्विच चालू ठेवलाच होता. तो म्हणाला, "आजोबा, सप्लाय व्यवस्थित आहे. वायरिंगमध्येच कुठे लूज असेल."

बाबा ताठ झाले. म्हणाले, "वायरिंग माझ्या सुनेनं केलंय. तिच्या कामात खोट निघणार नाही. खोट माझ्यातच असणार."

मी दारात उभी होते. जे ऐकायला मी सगळी वर्षं झुरले, ते माझ्या कानांवर पडलं. तेव्हा बोलता आलं असतं ना? एका वाक्याचं काम होतं. मला लाज वाटली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही वाटली. मला वाटलं, आता बरोबर वर्मी लागलं.

रात्री हे काळजीनं म्हणाले, बाबांना भास होतात बहुतेक. मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय." डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. हात कापला-बिपला तर काय, म्हणून मशीन विकलं. कुणीही विरोध केला नाही, बाबांनीसुद्धा. त्या दिवसापासून ते मागच्या व्हरांड्यात बसून असतात. गोळी घेतली का, हे आठवत असूनही मला विचारतात. आता मला नावानं हाक मारतात. इंजिनीअरबाई म्हणत नाहीत.

गेल्या आठवड्यात तांदूळ काढताना हात त्या स्विचला लागला; मशीन विकल्यापासून तो बंदच होता. मी तो चालू केला. का केला, नीट सांगता येणार नाही. संध्याकाळ झाली होती. मी व्हरांड्यात आले तर रिकाम्या शेडमध्ये दिवा लख्ख लागला होता आणि बाबा तिकडेच बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "शेडमध्ये दिवा दिसतोय का गं तुला?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

ते 'बरं' म्हणाले आणि आत गेले.