अक्कांची गाठ आणि माझी

लग्न होऊन मी धुळ्याहून सावद्याला आले त्याला तीन वर्षं झाली होती. एके दिवशी अंघोळ करताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. बोटाखालून ती सटकन निसटायची. दुखत नव्हती, पण माझी झोप उडाली. नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायचा धाक. पंधरा दिवस मी गप्प राहिले आणि दिवसातून दहा वेळा पदराआड हात नेऊन गाठ चाचपत बसले.

हे सासूबाईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. घरीदारी सगळे त्यांना अक्का म्हणत. घरचा स्वयंपाक उरकून केळीच्या बागेत मजुरांवर देखरेख करणारी बाई. एका दुपारी भाकरी थापता थापता त्यांनी सरळ विचारलं, "छातीत गाठ हाये नं तुले? मंग लपवते काहाले?"

मला रडू फुटलं. "उद्या जयगावले जाऊ," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

जळगावची डॉक्टरीणबाई हसतमुख होती. तिनं तपासलं आणि म्हणाली, "ही साधी गाठ आहे. तुझ्या वयाच्या मुलींना होते. काढून टाकू आणि विसरून जाऊ."

मी इतकी हलकी झाले की मला एकदम भूक लागली. डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाली, "अक्का, आलाच आहात तर तुम्हालाही बघते."

"मले काय धाड भरली?" अक्का म्हणाल्या, पण जागच्या उठेनात. डॉक्टरीणबाईनं दार लोटून घेतलं. मग अक्कांनी हळूच चोळीची गाठ सोडायला घेतली. "एक हाये. वरीस झालं."

त्यांची गाठ दगडासारखी टणक होती, जागची हलत नव्हती, वरची कातडी आत ओढली गेली होती. डॉक्टरीणबाईनं काही लपवलं नाही. हा कॅन्सर वाटतो, सगळा स्तन काढावा लागेल, असं सांगितलं. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

अक्कांनी चोळीची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "हात तं ऱ्हाईन नं? भाकरी थापाले?"

"राहील."

"मंग काढा."

परतताना गाडीत मी चिडून विचारलं, "वर्षभर सांगितलं का नाहीत?"

"तुले जशी लाज, तशी मलेबी," त्या म्हणाल्या.

दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली, खाटा शेजारीशेजारी. काढलेल्या गाठी तपासायला मुंबईला गेल्या. माझी साधीच निघाली, अक्कांची डॉक्टरीणबाईला वाटली तशीच. निकाल आला त्या रात्री माझे सासरे जेवले नाहीत. अक्कांनी मात्र पाव आणि दूध मागवलं.

घरी आल्यावर ऑपरेशननं आखडलेला हात वर जावा म्हणून रोज भिंतीवर बोटं चढवायची होती. अक्का जिथवर पोचत तिथं कुंकवाचा ठिपका लावत. महिन्याभरात स्वयंपाकघराची भिंत लाल ठिपक्यांनी भरली. येणाऱ्या बायकांना त्या ती कौतुकानं दाखवत.

चोळी एका बाजूनं रिकामी दिसायची. अक्कांनी घरच्या कापसाची पिशवी शिवून आत घातली, पण ती चालताना वर सरकायची. मग त्यांनी तिच्यात ज्वारीचे दाणे भरले. आता पिशवी जागेवर राहिली, फक्त वाकल्या की सळसळ आवाज यायचा. सासरे वर्तमानपत्राआड हसत आणि अक्का मुद्दाम पुन्हा वाकत.

त्यांची लाज तेव्हापासून गेली ती गेलीच. ओसरीवर निवडणटिपण करताना त्या बायकांना खुशाल विचारत, "चाचपून पाह्यते का नाई?" पुढच्या दोन वर्षांत पाच जणींना त्यांनी स्वतः जळगावला नेलं. एकीचं नुसतं दूध साठलं होतं, तिघींच्या साध्या गाठी निघाल्या. पाचवीला वेळेवर आणली म्हणून डॉक्टरीणबाईनं अक्कांना उठून नमस्कार केला.

त्यानंतर अक्का सोळा वर्षं जगल्या. शेवटी गेल्या त्या चार दिवसांच्या तापानं.