घोडीच्या पाठीला तेल

पुसदला राहून वरातीसाठी घोडी पाळणारा मी एकटा नाही. पण तिला मालिश करून आजारी पाडणारा बहुधा एकटाच.

लग्नसराईत सिमेंटच्या रस्त्यावर डीजेपुढे नाचून नाचून घोडीची पाठ आखडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी खोगिराखालची जागा दाबून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, रोज हलक्या हातानं चोळत जा. कोरड्या हातानं. तेल नका लावू."

चार दिवस मी त्यांचं ऐकलं. काय ते सुख! मानेपासून तळहात फिरवत पुठ्ठ्यापर्यंत गेलो की घोडी डोळे अर्धे मिटायची, खालचा ओठ लोंबायचा, लांब सुस्कारा सोडायची. मला वाटलं, कोरड्यात एवढं, तर तेलात किती! आमच्याकडे बाळंतिणीपासून पहिलवानापर्यंत कुणाचीच मालिश तेलाशिवाय झालेली मी पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी फुलसावंगीची वरात होती. निघण्यापूर्वी वाटीभर जवसाचं तेल कोमट केलं आणि सगळं पाठीत जिरवलं. वर तिला जाच नको म्हणून खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टाही, ढिलाच बांधला.

वरातीच्या अर्ध्या वाटेत नवरदेव कलू लागला. तरवारीसकट, हळूहळू, डावीकडे.

"ओ घोडीवाले भाऊ," नवरदेवाचा मामा ओरडला, "आमचा पोरगा उतरून राह्यला का पडून राह्यला?"

मी लगाम सोडून नवरदेवाला झेललं. त्याला खरचटलंही नाही. पण खोगीर पोटाखाली फिरलं, घोडी बिचकून उसळली, मागचा पाय सिमेंटवर घसरला आणि पाठ पिरगळली. परत येताना ती पाऊल मोजून टाकत होती.

पाठीत आलेली गाठ दाबून पाहताना डॉक्टर रागावलेही नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "रोज दोनदा चोळा. गाठ सुटली तं चालंन, नाईतं पाठ अशीच राह्यते."

आणि आता घोडी मला हातच लावू देत नाही. मी जवळ गेलो की कान मागे, शेपटीचा फटकारा. म्हणून जन्मात घोडीजवळ न गेलेली माझी बायको चोळते, आणि मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून शिकवतो.

"वरून खाली ने. जोर नको."

"तुमी बोलू नोका ना! तुमचा आवाज आला का पाठ कडक होते तिची."

थोड्या वेळाने घोडीचा ओठ सैल पडला. न राहवून मी एक पाऊल पुढे टाकलं, तर तिची कातडी थरथरली. मागे सरलो.

"गाठ हाय का अजून?" मी हळूच विचारलं.

बायकोने तिथूनच बोटांनी माप दाखवलं. लिंबाएवढं. काल केवढं होतं, ते मी विचारलं नाही.